व्याह्यांच्या नावाची बाटली

मनोहर सबनीसांना मधुमेह नव्हता. पंचाहत्तरीला टेकलेल्या ह्या गृहस्थांची साखर एखाद्या तरण्या पोराने हेवा करावा अशी होती. तरीही मुलाच्या सिंगापूरमधल्या, बिशानच्या फ्लॅटमध्ये उतरल्यापासून ते रोज सकाळी पेलाभर कारल्याचा रस पीत होते. रस काढायच्या त्याच घरात राहणाऱ्या विहीणबाई, साधनाताई, आणि समोर उभं राहून शेवटचा थेंब पोटात गेल्याची खात्री करून घ्यायच्या. चहा बिनसाखरेचा. श्रीखंड झालं त्या दिवशी सगळ्यांच्या पानात श्रीखंड आणि ह्यांच्या पानात काकडी. मनोहररावांनी एका शब्दाने कुरकुर केली नाही. हा मधुमेह त्यांना मुलाने लावून दिला होता, आणि मुलाने दिलेलं म्हणून ते तो निमूट सोसत होते.

मुलगा निशिकांत एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर होता. कर्ज मागायला आलेल्या कंपन्यांनी काय काय दडवलंय ते हुडकून काढणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा, आणि त्यात तो भलताच हुशार गणला जायचा. स्वतःच्या घरातली एक गोष्ट मात्र त्याने लग्नाला सोळा वर्षं उलटली तरी बायकोला सांगितली नव्हती. गोष्ट साधी होती. त्याचा बाप दारुडा होता.

दारुडा म्हणजे सणासुदीला घेणारा नव्हे. भोसरीच्या कारखान्यात फोरमन असलेला हा माणूस पगाराच्या दिवशी घरी पोचायचाच नाही, त्याला शोधून आणावं लागायचं. आई दाराशी उभी राहायची आणि दहा-अकरा वर्षांचा निशिकांत एकेका बारच्या पडद्याआड डोकावत फिरायचा. सोसायटीच्या गणपतीत एकदा बाप आरतीच्या ताटावर कोसळला, तेव्हापासून निशिकांतने त्या सोसायटीत मान वर करून चालणं सोडलं. पुढे निशिकांत कॉलेजात असताना मनोहररावांनी दारू सोडली, तीही कायमची. दर गुरुवारी ते दारू सोडलेल्यांच्या सभेला जायचे. तिथे दहा-वीस अनोळखी माणसांपुढे उभं राहून म्हणायचे, मी मनोहर, मी बेवडा आहे. आजही जातात. पण निशिकांतसाठी स्थळं बघायला लागले तेव्हा आई म्हणाली होती, आता सुटलीय ना, मग कशाला उगाळायचं, झाकली मूठ सव्वा लाखाची. आई गेली. मूठ तेवढी निशिकांतने झाकूनच ठेवली.

सिंगापूरला आल्या आल्या मनोहररावांनी एकच विचारलं होतं, इथे आमच्यासारखी सभा कुठे भरते का? बघतो म्हणाला निशिकांत. बघितलं नाही. सभेत एखादा मराठी माणूस निघाला, आणि तो महाराष्ट्र मंडळातला असला तर काय, ह्या धास्तीने त्याने साधं फोनवर शोधूनसुद्धा पाहिलं नाही. मनोहररावांनीही पुन्हा विषय काढला नाही.

आता व्याही. दीनानाथ देवस्थळी हा माणूस वाईट असता तर ही गोष्टच झाली नसती. विमा कंपनीतून निवृत्त झालेला, सढळ हाताचा, आग्रही आणि बोलका गडी. जेवायला बसला की शेजारच्याच्या पानात आधी वाढणार. शनिवारी संध्याकाळी एक ग्लास बिअर, तीही शेंगदाणे मोजून घेतल्यासारखी, एवढंच त्यांचं व्यसन. पण एकट्याने पिणं त्यांना पाप वाटे. व्याही आले, आता जोडीदार मिळाला म्हणून पहिल्याच शनिवारी त्यांनी दोन ग्लास काढले. निशिकांत घाईघाईने सासऱ्यांना म्हणाला, पप्पा, बाबांना डायबेटीस आहे. दीनानाथांनी हळहळून दुसरा ग्लास परत ठेवला, आणि साधनाताईंनी दुसऱ्या दिवशीपासून कारली आणली.

पुढच्याच आठवड्यात दीनानाथांनी ती तिकिटं आणली. एकाच तिकिटात दोन गोष्टी: वरून उघड्या बसमधून शहराची फेरी, दिवसभर कुठेही चढा, कुठेही उतरा, आणि नदीकाठच्या जुन्या गोदामातलं बिअरचं संग्रहालय. चौघांची तिकिटं त्यांनी परस्पर काढली होती. निशिकांतच्या बायकोचं, मीनलचं, ऑफिसात ऑडिट, नातीची शाळा, तेव्हा दोन्ही व्याही, विहीणबाई आणि रजा टाकून निशिकांत. आमच्याकडून तुम्हाला सिंगापूर दर्शन, म्हणाले. निशिकांतने बाबा दमतील म्हणून पाहिलं, ऊन फार आहे म्हणून पाहिलं. दीनानाथांनी मनोहररावांसाठी नवी कोरी टोपी आणून ठेवली होती. मुलीच्या बापाने हौसेने केलेला मान कसा मोडायचा? खरं कारण सांगता येत होतं. पण ते सोडून दुसरं काहीही करायची निशिकांतची तयारी होती.

बस छान होती. वरच्या मजल्यावर वारा लागत होता, कानात घालायच्या नळ्यांतून शहराची माहिती ऐकू येत होती, आणि दीनानाथ ती ऐकून लगेच सगळ्यांना मोठ्याने पुन्हा सांगत होते. मनोहरराव टोपी घालून लहान मुलासारखे कठड्याला टेकून बघत होते. लिटल इंडियातल्या हारांच्या गाड्या बघून त्यांनी मंडईची आठवण काढली. मग माहितीपत्रक उघडलं, पुढच्या थांब्याचं चित्र पाहिलं, आणि पत्रक घडी घालून खिशात ठेवलं. जरा वेळाने दीनानाथ फोटो काढायला उठले तसे ते मुलाकडे सरकले.

"निशी, मी बाहेर बसलो तर चालेल का? बाकावर बसेन. तुम्ही या बघून."

"बाबा, त्यांना वाईट वाटेल हो. आत नुसती यंत्रं बघायची आहेत. जुना कारखानाच आहे, तुम्हाला आवडेल."

मनोहरराव हं म्हणाले. ती सभा सोडली तर एवढ्या वर्षांत बापाने त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं, आणि आता मागितलं तेही एक बाक. हे निशिकांतच्या लक्षात आलं नाही असं नाही. लक्षात आलं आणि त्याने ते बाजूला सारलं.

आत खरोखरच यंत्रं होती. तांब्याचे हंडे, लाकडी पिंपं, जुन्या जाहिराती. मनोहरराव जुन्या झडपांपाशी थबकले, माहिती सांगणाऱ्या मुलीला दोन प्रश्नही विचारले, आणि निशिकांतला वाटलं, निभावलं. पण अशा प्रत्येक संग्रहालयाला शेवटी एक दालन असतंच. लांबलचक काउंटर, नळांची रांग, आणि तिकिटात धरलेला एकेक ग्लास. तो आंबूस वास दारातच अंगावर आला. निशिकांतने वडिलांकडे बघायचं टाळलं.

दीनानाथ आधीच काउंटरशी पोचले होते. तिथल्या मुलाशी हिंदी-इंग्रजीत काहीतरी खलबत करून ते परत आले, दोन्ही हातांत दोन फेसाळते ग्लास, आणि चेहऱ्यावर परीक्षेत पहिला आल्याचा आनंद. मनोहररावांपुढे त्यांनी ग्लास धरला आणि सांगितलं की हा झिरो आहे, ह्यात दारू अजिबात नाही, डायबेटीसवाल्यांनाही एक ग्लास चालतो असं तो मुलगा म्हणाला. आज तरी व्याह्यांना एकटं पाडू नका. साधनाताई म्हणाल्या, घ्या हो भावजी, त्या कारल्याच्या रसापेक्षा बरंच लागेल, आणि स्वतःच हसल्या.

मनोहररावांनी हात जोडले. नको म्हणाले. दीनानाथांनी आग्रह केला. पुन्हा नको. आता आग्रहाला चेव चढला. मराठी आग्रह म्हणजे काय ते सांगायला नको. जिलबीपासून जावयापर्यंत कुणी त्यातून सुटलेलं नाही. मनोहरराव हसत होते, हात जोडत होते, आणि डोळे मुलाकडे लागले होते. नुसतं 'राहू दे पप्पा' एवढं म्हणायचं होतं. पण निशिकांतला दीनानाथांच्या कपाळावरची बारीकशी आठी दिसली. हा माणूस एवढं का नाही म्हणतो, असा प्रश्न त्या आठीत उमटायला लागला होता, आणि निशिकांतला त्या प्रश्नाची मरणाची भीती वाटली.

"बाबा, घ्या ना," तो म्हणाला. "ह्यात काही नसतं."

मनोहररावांनी त्याच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. मुलाच्या तोंडून चुकून बोललं गेलं असावं आणि आता तो दुरुस्त करेल, अशी वाट बघत पाहिलं. निशिकांतने दुरुस्त केलं नाही. मग त्यांनी ग्लास घेतला. दीनानाथांनी आपला ग्लास त्यावर किणकिण वाजवला. मनोहररावांनी फेस ओठांपर्यंत नेला, आणि तिथेच थांबले. फेस तोच होता, थंडगार काच तीच होती, हाताला जुनी ओळख पटली होती. त्यांनी ग्लास अगदी सांभाळून, एक थेंबही न सांडता काउंटरवर ठेवला, जरा मोकळ्या हवेत जाऊन येतो म्हणाले आणि चालू लागले.

त्यांच्या मागे जायला हवं होतं. निशिकांत गेला नाही. त्यांना गर्दीचा त्रास होतो, म्हणाला, आणि सासऱ्यांबरोबर उभा राहून अर्धा ग्लास बिअर प्याला, हसत हसत प्याला. सगळं ठीक आहे हे दिसायला हवं होतं ना.

बाहेर आला तेव्हा बाकावर कुणी नव्हतं. स्वच्छतागृहात नव्हते. फोन लावला तर लागेना; इथलं सिमकार्ड घेऊन देतो देतो म्हणत राहून गेलं होतं. निशिकांतने सासूसासऱ्यांना संग्रहालयाच्या दुकानात थांबायला सांगितलं, बाबा नदीकाठी फेऱ्या मारताहेत अशी थाप मारली आणि नदीकडे धावला.

आणि नदीकाठ म्हणजे काय, तर एकाला लागून एक बार. भर दुपारी छत्र्यांखाली टेबलं, टेबलांवर ग्लास. निशिकांत एकेका टेबलावरच्या पांढऱ्या डोक्याकडे निरखून बघत चालला. एका बारमध्ये शिरून त्याने आतले कोपरे पाहिले. पलीकडच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांच्या मोठ्या मंडपात, गेला. तिथे एक बाई टेबलाटेबलाला बिअरच्या बाटल्या पोचवत होती, तिला फोनवरचा बापाचा फोटो दाखवून विचारलं. तिने नकारार्थी मान हलवली. तिच्या नजरेत कीव होती. पंचेचाळिशीचा, सुती शर्टातला, चांगल्या बुटांतला माणूस पुन्हा दहा वर्षांचा झाला होता आणि बारच्या पडद्याआड डोकावत होता. फरक इतकाच की तेव्हा बाप आपल्या पायांनी गेलेला असायचा. ह्या वेळी निशिकांतने त्याला हाताला धरून आत नेलं होतं, ग्लाससुद्धा घ्यायला लावला होता. बाबा कुठेतरी पिऊन पडलेले सापडले तर चूक कुणाची, ह्याचं उत्तर त्याला पाठ होतं.

हिंडून हिंडून शर्ट भिजला आणि तो बसच्या थांब्याकडे परतला, तर सासूसासरे पिशव्या घेऊन तिथेच उभे. ते विचारणार इतक्यात बस वळणावरून आली. वरच्या मजल्यावर, कठड्याला टेकून, नवी टोपी घालून मनोहरराव बसले होते.

साधनाताईंचे गुडघे दुखायचे, त्यांना जिना चढायला वेळ लागणार होता आणि दीनानाथ त्यांचा हात धरून खाली थांबले. निशिकांत धडाधडा वर गेला. वडिलांच्या शेजारी बसला आणि आधी त्याने, देवा, त्यांच्या तोंडाचा वास घेतला. नकळत घेतला. मनोहररावांना ते कळलं. त्यांनी हळूच तोंड उघडून श्वास त्याच्यावर सोडला, जसा ते पूर्वी आईपुढे सोडायचे.

"नाही प्यालो," ते म्हणाले. "समोर बस उभी होती, चढलो. प्रत्येक थांब्यावर खाली दारूचं दुकान दिसायचं. उतरलो असतो तर प्यालो असतो रे. म्हणून उतरलोच नाही. फिरून इथेच येते असं त्या कागदावर होतं."

निशिकांतने वडिलांच्या हातावर हात ठेवला. तेवढ्यात जिन्यावर साधनाताईंचा आवाज आला. मनोहररावांनी चटकन हात काढून घेतला, टोपी सरळ केली, आणि दीनानाथांनी कुठे गायब झालात असं विचारायच्या आतच सांगून टाकलं की पोटात जरा ढवळलं, वारा खायला बसमध्ये बसलो, माफ करा. इतकं सहज, इतकं सफाईने खोटं बोलले ते. दर गुरुवारी खरं बोलायला लागल्यापासून हा माणूस स्वतःच्या तोंडाने कुणाशी खोटं बोलला नव्हता. आता मुलाच्या अब्रूपायी जुनी विद्या पुन्हा बाहेर काढावी लागली होती. निशिकांत कठड्याबाहेर बघत राहिला. कान तापले होते.

बस सुरू झाली. दीनानाथांनी कानांत नळ्या घातल्या, मग आठवण होऊन पिशवीत हात घातला. दुकानात एक गंमत होती, म्हणाले. तिथे बाटलीवर आपल्याला हवं ते नाव छापून देतात. त्यांनी बाटली काढली. खरीखुरी, भरलेली, थंड, आणि तिच्यावर सोनेरी इंग्रजी अक्षरांत मनोहर सबनीस. ही झिरो नाही हं, ते डोळे मिचकावून म्हणाले. साखर आटोक्यात आली की उघडा, नाहीतर कपाटात शोभेला ठेवा. आमची आठवण.

व्याह्याने दिलेली भेट. मनोहररावांनी दोन्ही हातांनी घेतली. लग्नातला आहेर घ्यावा तशी कपाळाला लावली. मग मांडीवर ठेवून ते आपल्या नावाकडे बघत बसले. आज ती बाटली त्यांच्याबरोबर बिशानला येणार होती, नातीच्या खोलीत, त्यांच्या गादीशेजारच्या कपाटात राहणार होती, आणि ते पुन्हा निमूट मान डोलावणार होते. निशिकांतला दिसलं की आपण गप्प राहिलो तर हा माणूस आपल्यासाठी तेही करील. आणि एखाद्या दिवशी, घरात कुणी नसताना, तो ती उघडेल.

"पप्पा, ती बाटली परत घ्या," तो म्हणाला. "बाबांना डायबेटीस नाही. त्यांना दारूचं व्यसन होतं."

दीनानाथ हसून मान डोलवत होते. कानात नळ्या होत्या. त्यांना वाटलं, जावई देखाव्याबद्दल काही सांगतोय. त्यांनी एक नळी काढली आणि काय म्हणालात असं विचारलं. एकदा बोलायला निशिकांतला सगळं आयुष्य लागलं होतं, आणि आता ते दुसऱ्यांदा बोलायचं होतं, बसच्या आवाजावर आवाज चढवून.

"माझे बाबा दारुडे होते. सोडून खूप वर्षं झाली. मी तुमच्यापासून लपवलं. आणि आज आत त्यांना ग्लास घ्यायला लावला, तोही मीच."

दीनानाथांच्या हातातली नळी खाली लोंबत राहिली. त्यांच्या तोंडावरचं हसू एकदम गेलं नाही, हळूहळू गेलं. मग ते वाकले, मनोहररावांच्या मांडीवरची बाटली उचलली, पिशवीत खोल घातली आणि पिशवी स्वतःच्या पायांमागे सरकवली. मी कुठल्या तोंडाने आग्रह करत होतो, एवढंच पुटपुटले. मनोहररावांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला, तुम्हाला कुठे माहीत होतं म्हणाले.

साधनाताई निशिकांतकडे बघत होत्या.

"मीनलला माहीत आहे?"

त्याने नकारार्थी मान हलवली. सोळा वर्षं शेजारी झोपलेल्या बायकोला ज्याने एवढं सांगितलं नाही, त्याने आणखी काय काय सांगितलं नसेल, हा विचार साधनाताईंच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होता. निशिकांतला तो वाचता आला. असे चेहरे करून समोरच्याकडे बघायचा त्यालाच तर पगार मिळायचा.

"मीनलला मी सांगतो," मनोहरराव म्हणाले. "घरी गेल्यावर. मला सांगायची सवय आहे, निशी. तुला नाही."

नको बाबा, मी सांगतो. एवढंच म्हणायचं होतं. शब्द ओठांवर आलेही होते. पण त्याआधी निशिकांतला हायसं वाटलं. मीनलच्या पुढ्यात बसून ते वाक्य आपल्याला बोलावं लागणार नाही, ह्या कल्पनेने छातीवरचा दगड उतरला, आणि उतरलेला दिसलाही. मनोहररावांनी ते पाहिलं. मुलाने काही मोठं काम केलं असावं तशी त्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आणि पुढच्या थांब्यावर उतरू या, मला भूक लागलीय म्हणाले. निशिकांत त्यांच्या मागोमाग जिना उतरला. मान वर करायचं धाडस त्याला झालं नाही.